ताम्रपत्रावरील देखावा व त्यामागील हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी बोनसवर किंवा कामगार कायद्यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो सोळाव्या शतकातील युरोपातल्या देखाव्यांच्या छापचित्रांचा आणि ती छापून विकणाऱ्या धंद्याचा. युनियनच्या माणसाला ह्या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, कोणताही माल हाती आला म्हणजे तो कोणी केला, कोणाला काय मिळाले आणि त्यावर नाव कोणाचे पडले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आमच्या कामात लागते. चित्र हाही माल आहे. तो सुंदर आहे म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत. उलट ते विचारल्याने त्याचे सौंदर्य अधिक कळते, असा माझा अनुभव आहे. ही चित्रे पाहण्यासाठी आता विलायतेला जाण्याचीही गरज उरलेली नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमसारख्या मोठ्या संग्रहालयांनी ती संगणकाच्या पडद्यावर कोणालाही मोफत पाहता येतील अशी मांडून ठेवली आहेत.

प्रथम ही वस्तू म्हणजे काय, ते समजून घेऊ. चित्र छापण्याची जुनी रीत लाकडी ठशाची. त्यात रेषा तेवढी उभी ठेवून बाजूचे लाकूड कोरून काढायचे आणि रबरी शिक्क्याप्रमाणे उंच भागाला शाई लावायची. तांब्याच्या पत्र्याची रीत ह्याच्या नेमकी उलट. तिथे रेषा म्हणजे खाच. कारागीर पोलादी कोरणीने पत्र्यावर खाच पाडतो आणि शाई त्या खाचेत बसते. ही कोरणी धरायला शिकण्यातच वर्षे जातात. तिची जात सोनाराच्या नक्षीकामाची. तिसरी रीत अम्लरेखनाची, जिला एचिंग म्हणतात. तिच्यात पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्या थरात चित्र काढायचे आणि पत्र्यावर तेजाब सोडायचे. सुईने जिथे मेण खरवडले असेल तिथे तेजाब धातू खाते आणि खाच आपोआप पडते. म्हणजे जो माणूस कागदावर चित्र काढू शकतो तो थोड्याशा सरावाने पत्र्यावरही काढू शकतो. झाडाची पाने, गवत, ढग, दूरचे डोंगर अशा वळवळत्या, मोकळ्या रेषांना ही रीत फार मानवली. देखाव्याचे आणि अम्लरेखनाचे लग्न जमले ते ह्याच कारणाने.

पत्रा तयार झाल्यावर छापणाऱ्याचे काम सुरू होते. उकळून दाट केलेले जवसाचे तेल आणि काजळी ह्यांची शाई पत्रा किंचित तापवून खाचांत चोळायची. मग वरची शाई चिंधीने आणि शेवटी तळहाताने अशी पुसायची, की सपाट भाग लख्ख व्हावा पण खाचेतली शाई हलू नये. त्यावर ओला कागद, कागदावर लोकरी कापड, आणि हे सारे दोन रुळांमधून ओढून काढायचे. एवढ्याने एक प्रत होते. दुसऱ्या प्रतीसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा शेकडो प्रती निघत आणि प्रत्येक प्रतीगणिक पत्रा झिजत जाई. तळहात शाईने काळा करून घेणाऱ्या ह्या माणसाचे नाव चित्रावर कधीच येत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

तेजाबाची ही विद्या चित्रकारांची नव्हे. ती चिलखते आणि हत्यारे नक्षीदार करणाऱ्या कारागिरांची. जर्मनीतील ऑग्सबुर्ग गावचा डॅनिएल होप्फर हा असाच चिलखतांवर नक्षी काढणारा मनुष्य. 1500 च्या आसपास त्याने ती युक्ती कागदावर छापण्यासाठी वापरली. प्रारंभीचे पत्रे लोखंडाचे असत, कारण चिलखतही लोखंडाचेच. थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर ह्याने 1515 ते 1518 ह्या काळात लोखंडी पत्र्यावर मोजकी अम्लरेखने केली. त्यांतल्या शेवटच्यात एक तोफ आणि तिच्यामागे पसरलेला गावाचा विस्तीर्ण देखावा आहे. परंतु लोखंड गंजते, म्हणून पुढे तांबे आले. 1520 साली लुकास व्हान लायडेनने सम्राट माक्सिमिलिअनचे चित्र तांब्यावर केले. त्यात चेहरा कोरणीने कोरला आणि बाकीचा बराच भाग तेजाबाने खाववला. जोखमीचे काम कसबी हाताला आणि विस्ताराचे काम जलद रीतीला, ही वाटणी तिथे दिसते. आमच्या कारखान्यांतही कामाची वाटणी ह्याहून फार निराळी नसते.

आता देखाव्याकडे वळू. त्यापूर्वी युरोपातील चित्रात डोंगर, नदी, शेत ही असत, पण मागच्या बाजूला. पुढे संत असे, देवमाता असे, राजा असे. देखावा हा त्यांचा पडदा. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून हा पडदा हळूहळू पुढे सरकू लागला. 1521 साली अँटवर्पमध्ये असताना ड्यूररने आपल्या रोजनिशीत योआखिम पातिनीरचा उल्लेख चांगला देखावाचित्रकार म्हणून केला. देखावा काढणे हे स्वतंत्र कसब आहे, हे त्यात मान्य झाले. त्याच सुमारास रेगेन्सबुर्गच्या आल्ब्रेख्त आल्टडॉर्फरने नऊ लहान अम्लरेखने केली. त्यांत संत नाही, कथा नाही. वाकलेली झाडे, पाण्याकाठचे किल्ले आणि दूरचे डोंगर, एवढेच आहे. युरोपात केवळ देखाव्याची म्हणून छापलेली ही अगदी पहिली चित्रे होत.

ह्याच आल्टडॉर्फरची आणखी दोन अम्लरेखने सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. 1519 साली रेगेन्सबुर्गच्या नगरसभेने गावातील यहुद्यांना हाकलून दिले आणि त्यांचे प्रार्थनामंदिर पाडले. आल्टडॉर्फर त्या नगरसभेचा सभासद होता. मंदिर पडण्यापूर्वी त्याने त्याचा आतील भाग आणि द्वारमंडप पत्र्यावर उतरवून घेतला. ज्या हाताने निर्मळ झाडे काढली, त्याच हाताच्या माणसाचा त्या पाडण्यात भाग होता. सौंदर्यदृष्टी असली म्हणजे न्यायबुद्धी असतेच असे नाही, ही गोष्ट कलेच्या भक्तांनी विसरू नये. तथापि, त्या वास्तूचे रूप आज आपल्याला माहीत आहे तेही त्याच्याच पत्र्यांमुळे.

आता धंद्याकडे येऊ. रंगीत चित्र आणि छापचित्र ह्यांत मोठा आर्थिक फरक आहे. वेदीवरचे मोठे चित्र काढायला घेण्यापूर्वी गिऱ्हाईक ठरलेले असे. धर्मगुरू किंवा सावकार काम सांगे, मग चित्रकार रंग कालवी. छापचित्र आधी तयार होते आणि मग गिऱ्हाईक शोधीत हिंडते. ड्यूररने 1497 सालीच आपली छापचित्रे गावोगाव नेऊन विकण्यासाठी एक माणूस कराराने नेमला होता, आणि त्याची पत्नी आग्नेस फ्रँकफुर्टच्या जत्रेत जाऊन ती विकीत असे. पण प्रत्येक चित्रकाराला असे घर चालवता येत नाही. तांबे, कागद, रुळांचे यंत्र, कोरणाऱ्याची मजुरी, विक्रीपर्यंतचा दम ह्या सर्वांना भांडवल लागते. ज्याच्यापाशी ते होते तो प्रकाशक झाला.

असा सर्वांत नामांकित प्रकाशक म्हणजे अँटवर्पचा हिएरोनिमस कोक. अँटवर्प हे त्या वेळी उत्तर युरोपातील सर्वांत मोठे व्यापारी बंदर होते. तिथली वस्ती शतकाच्या मध्यावर एक लाखाच्या घरात गेली होती. 1531 साली तिथे नवे बोर्स, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सौद्यांची इमारत उभी राहिली. कोक आणि त्याची पत्नी फोल्क्सकेन डिएरिक्स ह्यांनी 1548 च्या सुमारास आपले दुकान थाटले आणि त्याला नाव दिले ‘चार वारे’. चारी दिशांना माल जावा हा त्यातला भाव असावा, आणि तो खराही झाला. कोक स्वतः अम्लरेखन जाणत होता. 1551 साली त्याने रोममधील भग्न अवशेषांची मालिका स्वतःच्या हाताने केली, तर 1558 साली आपला दिवंगत भाऊ माथिस ह्याच्या रेखाटनांवरून देखाव्यांची मालिका काढली. इटलीहून जॉर्जो गीझीसारखा कसबी कोरक्या त्याच्याकडे येऊन काम करून गेला.

ह्या दुकानात एक तरुण रेखाटनकार आला, तो पीटर ब्रूगेल. 1551 साली त्याचे नाव अँटवर्पच्या चित्रकार-संघात दाखल झाले. नंतर तो इटलीला गेला आणि आल्प्स पर्वत ओलांडून परत आला. त्याचा चरित्रकार कारेल व्हान मांडर ह्याने 1604 साली अशा अर्थाचे लिहिले आहे की, हा गृहस्थ वाटेतले सगळे डोंगर आणि खडक गिळून आला आणि घरी येऊन ते त्याने ओकून टाकले. 1555-56 च्या सुमारास कोकने ब्रूगेलच्या रेखाटनांवरून बारा मोठ्या देखाव्यांची मालिका प्रसिद्ध केली. अँटवर्पच्या भोवतालचा मुलूख हातावरच्या भाकरीसारखा सपाट. त्या लोकांच्या घरात हे कडे, ह्या दऱ्या, हे वळत जाणारे घाट एकदम दाखल झाले.

आता ह्या बारा पत्र्यांच्या तळाशी काय लिहिले आहे ते पाहू. छापचित्राच्या तळाशी लॅटिन शब्द लिहिण्याची रीत होती. ‘इन्व्हेनिट’ म्हणजे कल्पना ज्याची तो. ‘स्कल्प्सिट’ म्हणजे ज्याने कोरले तो. ‘एक्स्कुडिट’ म्हणजे ज्याने छापून बाजारात आणले तो, अर्थात पत्र्याचा मालक. मोठ्या देखाव्यांवर ब्रूगेलचे नाव कल्पक म्हणून आहे, कोकचे नाव प्रकाशक म्हणून आहे. ज्यांनी पत्रा केला त्यांचे नाव नाही. ते होते योहानेस आणि लुकास व्हान डुटेकुम हे दोघे भाऊ. ह्या भावांनी तेजाब असे काही वापरले, की रेषा कोरणीने कोरल्यासारखी कुठे जाड, कुठे बारीक उठावी, आणि जिथे कमी पडेल तिथेच कोरणीचा हात द्यावा. काम कोरणीच्या तोलाचे आणि वेळ मात्र कमी. प्रकाशकाच्या दृष्टीने ह्याची किंमत केवढी, ते सांगायला नको. तरी पुष्कळ काळ हे पत्रे खुद्द कोकनेच केले असा समज होता. अलीकडच्या अभ्यासकांनी रेषांची ठेवण ताडून ते डुटेकुम बंधूंच्या पदरात टाकले.

आमच्या कामात हजेरीपटाला फार महत्त्व असते. हजेरीपटावर नाव नसेल तर माणूस कामावर होता हे कोर्टात सिद्ध करता करता वर्षे जातात. इथे चारशे वर्षे गेली आणि शेवटी साक्ष दिली ती हाताच्या कामानेच.

नावाचा व्यवहार ह्याहूनही चमत्कारिक होता. 1556 साली ब्रूगेलने एक रेखाटन केले. किनाऱ्यावर एक अजस्र मासा पडला आहे आणि त्याच्या पोटातून व तोंडातून लहान मासे बाहेर पडताहेत, त्यांच्या तोंडात त्यांहून लहान. मोठा मासा लहानाला खातो, ही म्हण आपल्याकडेही मत्स्यन्याय म्हणून आहेच. 1557 साली पीटर व्हान डर हेडनने ते तांब्यावर कोरले आणि कोकने प्रसिद्ध केले. त्यावर कल्पक म्हणून नाव घातले हिएरोनिमस बॉसचे, जो 1516 साली मरण पावला होता. मूळ रेखाटनावर ब्रूगेलची सही आजही आहे. मृत बॉसचे नाव बाजारात खपत होते, जिवंत ब्रूगेलचे अजून तितके नव्हते. मोठ्या माशाने लहान माशाला खाण्याचे चित्र, आणि त्याच चित्राच्या तळाशी मोठ्या नावाने लहान नावाला खाल्लेले!

ब्रूगेलने स्वतःच्या हाताने तेजाब वापरून केलेले चित्र एकच, 1560 सालचे ‘सशांची शिकार’. विस्तीर्ण खोरे, नदी, दूर गाव, आणि पुढे एक शिकारी सशांवर नेम धरून बसला आहे. झाडाआडून त्याच्या पाठीवर भाला घेतलेला दुसरा माणूस येतो आहे. शिकाऱ्याचे लक्ष सशांकडे, त्याला पाठीमागचे भान नाही. एवढी शांत हवा, एवढी हलकी रेषा, आणि तिच्यात ही धास्ती. ते प्रसिद्ध करणाराही कोकच.

परंतु मला ह्या सर्वांत जवळची वाटते ती निराळीच मालिका. 1559 आणि 1561 साली कोकने दोन भागांत चव्वेचाळीस लहान देखावे काढले. पत्रे डुटेकुम बंधूंचेच. त्यांत आल्प्स नाही, कडे नाहीत, संत तर नाहीतच. अँटवर्पच्या आसपासची खेडी आहेत. एक कच्चा रस्ता, कडेला गवती छपराचे घर, कुंपण, विहीर, डबके, चर्चचा मनोरा, दोनचार माणसे. मुखपृष्ठावर ही दृश्ये प्रत्यक्ष पाहून काढली असल्याचे आणि ती बहुतेक अँटवर्पच्या भोवतालची असल्याचे सांगितले आहे. विचार करा, जत्रेत दाखवावे असे ह्यात काहीच नाही. शहरातला मनुष्य वेशीबाहेर तासभर चालला तर त्याला जे दिसेल तेवढेच. आणि तरीही एका व्यापाऱ्याने त्यात पैसे घातले आणि लोकांनी ते विकत घेतले. साध्या माणसाचे साधे घर हे चित्राचा विषय होऊ शकते, हे तिथे बाजारात सिद्ध झाले.

ही चित्रे कोणी काढली? मुखपृष्ठावर प्रकाशकाचे नाव आहे, चित्रकाराचे नाही. मूळ रेखाटनांपैकी काही अजून शिल्लक आहेत, पण आजही त्याचे नाव निश्चित झालेले नाही. अभ्यासक त्याला ‘लहान देखाव्यांचा कलावंत’ एवढेच म्हणतात. पण पत्र्यांचे आयुष्य मोठे होते. 1601 साली ते फिलिप्स गालेने पुन्हा छापले आणि कल्पक म्हणून कोर्नेलिस कोर्टचे नाव घातले. 1612 साली ॲमस्टरडॅमच्या क्लास यान्सझोन फिस्खरने त्यांच्या नकला करून प्रसिद्ध केल्या आणि नाव घातले ब्रूगेलचे, कारण तोवर ब्रूगेल कीर्तिमान झाला होता. पूर्वी ज्याचे नाव दुसऱ्याच्या नावाखाली झाकले गेले, त्याच्याच नावाखाली आता तिसरा झाकला गेला.

ह्यातला अर्थ कामगाराला लवकर कळतो. रेखाटन एकदा विकले की रेखाटनकाराचा संबंध सुटला. पत्रा एकदा करून दिला की कोरणाऱ्याचा सुटला. पत्रा मात्र मालकाच्या फडताळात राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्या पिकत राहिला. 1570 साली कोक वारला. त्याच्या पत्नीने, फोल्क्सकेनने, पुढे तीस वर्षे, 1600 साली मृत्यू येईपर्यंत, ते दुकान चालवले. इतिहासात बाईच्या कष्टांची नोंद किती त्रोटक असते हे आपण जाणता. तिच्यामागे 1601 साली मालमत्तेची यादी झाली, तीत शेकडो ताम्रपत्रे मोजली गेली. जमीनदाराची जमीन, तसे प्रकाशकाचे तांबे. तिनेच 1572 साली नेदरलंड्समधील तेवीस चित्रकारांच्या मुखचित्रांचे पुस्तक काढले. त्यात ब्रूगेल आहे, स्वतः कोकही आहे. डुटेकुम नाहीत.

छापण्याच्या धंद्यातील कामगार त्या काळी गप्प बसले होते असे मात्र समजू नका. 1539 साली फ्रान्समधील ल्यों शहरात पुस्तके छापणाऱ्या कारागिरांनी मजुरी, जेवण आणि उमेदवारांची वाढती भरती ह्यांवरून मोठा संप केला. त्याच वर्षी राजाच्या फर्मानाने कारागिरांच्या संघटनांवर बंदी आली. ताम्रपत्र कोरणारे मात्र विखुरलेले. आज ह्या प्रकाशकाचे काम, उद्या त्या. जो विखुरला त्याचे गाऱ्हाणेही कागदावर उमटत नाही.

असे असूनही कोकला केवळ शोषक म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. त्याने जोखीम घेतली. अनोळखी तरुणाच्या डोंगरांवर आणि बिननावाच्या माणसाच्या झोपड्यांवर त्याने तांबे, कागद आणि मजुरी खर्च केली. तो नसता तर ती रेखाटने एखाद्या पेटीत कुजली असती. माणसे एकत्र आणणे हेही कसबच आहे, आणि संघटनेचे काम करणाऱ्याने तरी ते नाकारू नये. माझे म्हणणे एवढेच की ज्याने एकत्र आणले त्याचे नाव राहावे, आणि जे एकत्र आले त्यांचेही राहावे. तळाशी जागा तीन नावांना पुरेल इतकी होती.

ह्या मालिकेला आणखी एक करुण बाजू आहे. 1566 नंतर नेदरलंड्समध्ये स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध उठाव पेटला. 1576 साली पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांनी अँटवर्प लुटले आणि जाळले. 1585 साली शहर स्पेनच्या ताब्यात गेले आणि हजारो लोक उत्तरेकडे निघून गेले. त्यांत कोरणारे होते, छापणारे होते, पुस्तकविके होते. भोवतालची खेडी उद्ध्वस्त झाली. 1601 साली ते पत्रे पुन्हा छापले गेले तेव्हा त्यांतले पुष्कळसे जग बुडाले होते. 1612 साली ॲमस्टरडॅममध्ये ते विकत घेणाऱ्यांत वाडवडिलांची भूमी सोडून आलेली माणसे असणारच. 1559 साली जे वेशीबाहेरचे रोजचे दृश्य होते, ते आता गमावलेल्या गावाचे चित्र झाले. पत्र्यावरची रेषा तीच, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी नवे. गाव सोडून शहराच्या चाळीत येऊन राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

ह्या धंद्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागलेला आहे. अँटवर्पचा ख्यातनाम मुद्रक ख्रिस्तोफ प्लँटिन कोकशी छापचित्रांचा व्यापार करीत असे. त्याने अनेक भाषांतील मोठे बायबल छापले, त्याच्या मुखचित्रांत मोठ्या माशाचे चित्र कोरणाऱ्या त्याच पीटर व्हान डर हेडनचे काम आहे. 1579 च्या अखेरीस जेझुइट पाद्र्यांची मंडळी गोव्याहून निघाली, 1580 साली फत्तेपूर सिक्रीला पोहोचली, आणि त्यांनी ते बायबल अकबर बादशहाला नजर केले. अकबराच्या चित्रशाळेतील बसावन, केसूदास ह्यांसारख्या चित्रकारांनी युरोपीय छापचित्रे न्याहाळली, त्यांवरून चित्रे केली, आणि हळूहळू मोगल चित्रांच्या मागच्या बाजूला फिकट निळे डोंगर आणि टोकदार मनोऱ्यांची दूरची गावे दिसू लागली. ‘चार वारे’ ह्या नावाचा अर्थ इतक्या दूरवर खरा ठरला.

मित्रहो, आपल्या घरी कॅलेंडर असेल, पुस्तक असेल, भिंतीवर एखादे छापील चित्र असेल. ते पाहताना एकदा तळाशी पाहावे. तिथे कोणाचे नाव आहे, आणि कोणाचे असायला हवे होते, हे विचारावे. अँटवर्पच्या बाहेरचा तो कच्चा रस्ता, ते कुंपण, ती विहीर आज साडेचारशेहून अधिक वर्षांनी आपल्याला दिसते आहे. ती पाहणारा एक होता, पत्र्यावर उतरवणारे दोन भाऊ होते, तळहात काळा करून छापणारे कितीतरी होते, आणि दुकान सांभाळणारी एक बाई होती. त्या सर्वांची आज येथे हजेरी लागली, हे आपण शांतपणे ऐकून घेतलेत म्हणून.